पन्नाशीतला नेम: पिस्तूल नेमबाजीत वय नेमकं आडवं कुठे येतं?

जुलै २०२४च्या अखेरीस एक फोटो जवळजवळ प्रत्येकाच्या मोबाइलवर येऊन गेला. पिकू लागलेले केस, साधा चष्मा, टी-शर्ट, एक हात खिशात आणि दुसऱ्या हातात रोखलेलं पिस्तूल. तुर्कीचे युसूफ दिकेच. वय ५१. पॅरिस ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर पिस्तूलच्या मिश्र सांघिक प्रकारात त्यांनी शेवल इलायदा तरहान हिच्या जोडीने रौप्यपदक मिळवलं. अंतिम सामना ते सर्बियाकडून १६-१४ असा हरले. याच प्रकारात आपल्या मनू भाकर आणि सरबज्योत सिंग यांना कांस्यपदक मिळालं होतं, पण आपल्याकडेही जास्त फिरला तो दिकेच यांचाच फोटो.

त्या फोटोवरून झालेल्या विनोदांचा सूर एकच होता: एक काका सहज आले आणि पदक घेऊन गेले. त्यात ‘सहज’ हा भाग खोटा आहे. दिकेच तुर्कीच्या सशस्त्र दलातले निवृत्त अधिकारी, २०१४चे जगज्जेते, आणि पॅरिस हे २००८पासूनचं त्यांचं पाचवं ऑलिंपिक. पण ‘काका’ या भागावर मात्र थांबून विचार करायला हवा. कुस्तीत, धावण्यात, बॅडमिंटनमध्ये एक्कावन्नाव्या वर्षी ऑलिंपिक पदक कुणी स्वप्नातही मागत नाही. नेमबाजीत ते पूर्वीही घडलं आहे. स्वीडनच्या रागनार स्कानोकेर यांनी १९७२मध्ये म्युनिकला ५० मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण मिळवलं, आणि वीस वर्षांनी बार्सिलोनात, वयाच्या ५८व्या वर्षी, त्याच प्रकारात कांस्य. जॉर्जियाच्या निनो सालुकवाद्झे १९८८मध्ये सोलला सुवर्ण जिंकल्या आणि पॅरिसमध्ये ५५व्या वर्षी दहावं ऑलिंपिक खेळल्या. २०१६मध्ये रिओला तर त्या आणि त्यांचा मुलगा असे दोघेही नेमबाज म्हणून उतरले होते.

मग वय या खेळात काहीच बिघडवत नाही का? बिघडवतं. फक्त आपल्याला वाटतं तिथे नाही.

आधी खेळ काय आहे ते पाहू

१० मीटर एअर पिस्तूल हा प्रकार घेऊ, कारण वय झालेले बहुतेक लोक इथूनच सुरुवात करतात. दहा मीटरवर लक्ष्य. त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं. ७५ मिनिटांत ६० गोळ्या, म्हणजे ४.५ मिलिमीटरचे शिशाचे छर्रे. पिस्तूल दीड किलोच्या आत असावं लागतं. प्रत्यक्षात ते किलोच्या आसपास असतं. धरायचं एकाच हाताने, तोही पूर्ण सरळ, आणि मनगटाला कसलाही आधार नाही. पाय उंच घोट्याच्या बुटात जखडता येत नाहीत. रायफलवाल्यांना कडक जाकीट आणि पँट मिळते, पिस्तूलवाल्याला तेही नाही.

दिकेच यांचा खिशातला हात ही स्टाइल नव्हती. मोकळा हात लोंबत राहिला की खांद्यापासून शरीर हलतं, म्हणून तो खिशात किंवा पट्ट्यात अडकवून ठेवतात. कुठल्याही रेंजवर निम्मी मंडळी तशीच उभी दिसतील.

पिस्तुलावर नेम धरायला दोन गोष्टी असतात. डोळ्याकडच्या बाजूला एक खाच, ती रिअर साइट. नळीच्या टोकाला एक उभी पट्टी, ती फ्रंट साइट. खाचेच्या बरोबर मध्ये पट्टी दिसली पाहिजे, दोन्हीकडे सारखा उजेड आणि वरच्या कडा एका रेषेत. या जुळणीला नेमबाज ‘साइट अलाइनमेंट’ म्हणतात. आपण इथे फक्त जुळणी म्हणू.

हात हलला आणि मनगट वळलं, यात फरक आहे

अंधाऱ्या खोलीत भिंतीवर टॉर्च मारा. टॉर्च न वळवता हात दोन बोटं उजवीकडे सरकवला, तर प्रकाशाचा ठिपकाही दोनच बोटं सरकतो. पण हात जागच्या जागी ठेवून मनगट किंचित वळवलं, तर ठिपका भिंतीवर हातभर पळतो. खोली जितकी लांब तितका जास्त.

पिस्तुलाचं गणित हेच आहे. दोन साइटमधलं अंतर साधारण ३३ सेंटिमीटर धरा. अख्खा हात पाच मिलिमीटर सरकला पण जुळणी बिघडली नाही, तर छर्राही पाच मिलिमीटरच सरकतो आणि दहा गुण शाबूत राहतात. उलट, फ्रंट साइट खाचेत एक मिलिमीटर बाजूला गेली, तर दहा मीटरवर ती चूक तिसेक मिलिमीटरची होते. दहाचे सात. अर्धा मिलिमीटर गेली तर नऊ. पाव मिलिमीटरपर्यंत कसंबसं निभावतं.

बाहेरून बघणाऱ्याला या खेळात हात किती स्थिर आहे एवढंच दिसतं. खरं भांडण जुळणीचं असतं, आणि ती दोन गोष्टींनी बिघडते: फ्रंट साइट नीट दिसली नाही म्हणून, किंवा ट्रिगर ओढताना बोटाने पिस्तूल वळलं म्हणून. वयाचा विचार करताना हे दोन मुद्दे हाताशी ठेवा.

पहिला फटका डोळ्याला

विशीतलं डोळ्याचं भिंग लवचीक असतं. पुस्तकावरून खिडकीबाहेर आणि बाहेरून परत पुस्तकावर नजर नेली की ते आपोआप आकार बदलतं. चाळिशीनंतर ते ताठर होत जातं आणि पन्नाशीत ही लवचीकता थोडीच उरते. आता नेमबाजाची अडचण बघा. रिअर साइट डोळ्यापासून साठ-सत्तर सेंटिमीटरवर, फ्रंट साइट जवळपास एक मीटरवर आणि लक्ष्य दहा मीटरवर. तिन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसणं तरुण डोळ्यालाही जमत नाही. तरुण माणूस नजर फ्रंट साइटवर आणून ठेवतो आणि लक्ष्याचा काळा गोल धूसर राहू देतो. टॉर्चच्या हिशेबाने ते बरोबरच आहे: गोल धूसर असला तर चूक मिलिमीटरमागे मिलिमीटर, पट्टी धूसर असली तर चूक तीसपट.

पन्नाशीतल्या माणसाला नेमका उलट अनुभव येतो. लक्ष्य लख्ख दिसतं आणि पट्टीच्या कडांना पिसं फुटतात. मग तो वाचायचा चष्मा लावून बघतो. पण तो चष्मा पस्तीस-चाळीस सेंटिमीटरसाठी केलेला असतो. त्यातून पट्टी तर नाहीच, रिअर साइटही धड दिसत नाही आणि लक्ष्य पार विरघळून जातं. प्रोग्रेसिव्ह चष्म्याने आणखी घोळ होतो, कारण त्यात मान जराशी वर-खाली झाली की नंबरच बदलतो.

उपाय मात्र फारसा महागडा नाही. लांबचं बघायच्या नंबरात साधारण अधिक अर्धा ते अधिक पाऊण नंबर मिळवून केलेलं एकच भिंग बहुतेकांना चालतं. त्यातून पट्टी स्पष्ट दिसते आणि लक्ष्य सुसह्य इतकंच धूसर राहतं. दुसरा मार्ग आयरिसचा. आयरिस म्हणजे चष्म्यापुढे बसवायची, लहान-मोठी करता येणारी बारीक खिडकी. छिद्र लहान केलं की जवळचं आणि लांबचं दोन्ही जरा जास्त रेखीव होतं. पण इथे पुन्हा वय येतंच: साठीच्या डोळ्यात पडद्यापर्यंत पोचणारा प्रकाश विशीच्या साधारण एक-तृतीयांशच असतो. आधीच कमी उजेड, त्यात आयरिस आवळलेली, म्हणजे काळ्या गोलापुढे काळी पट्टी शोधत बसायची. अर्धवट उजेडाच्या रेंजवर ज्येष्ठ मंडळींचे गुण पडतात, त्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

कोरियाच्या किम येजीचा, डोळ्यावर यंत्रमानवासारखी चौकट असलेला फोटो दिकेच यांच्या फोटोशेजारी लावून ‘बिनसाधनाचा माणूस’ असं कौतुक झालं. मला ते कौतुक कधीच पटलं नाही. त्या चौकटीत एखादं भिंग, आयरिस आणि दुसरा डोळा झाकणारं आवरण असतं. वाढवून दाखवणारी दुर्बीण त्यात नसते, पिस्तुलावर भिंग लावायला तर नियमानेच बंदी आहे. दिकेच दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरतात, म्हणून त्यांना ते आवरण लागत नाही. आणि डोळ्यावर चष्मा होताच, कानात बोळेही होते.

हात थरथरतो, त्याचं काय?

हात सगळ्यांचाच थरथरतो. निरोगी माणसाच्या हाताचा कंप सेकंदाला आठ ते बारा झटक्यांचा असतो, त्यात हृदयाच्या ठोक्याचा धक्का मिसळतो आणि उभ्या शरीराचा मंद झोका वेगळाच. पिस्तूल जगज्जेत्याच्या हातातही फिरत असतं. फक्त त्याच्या फिरण्याचा आवाका लहान असतो. या आवाक्याला ‘होल्ड’ म्हणतात. वयाने तो थोडा वाढतो. (सतत आणि कामात अडथळा आणण्याइतका कंप असेल तर तो आजार असू शकतो, त्याला डॉक्टरच हवा.)

पण होल्ड वाढला तरी तो बहुतांशी अख्ख्या हाताचं सरकणं असतं, मनगटाचं वळणं नव्हे. गुण जातात ते घाईने. पट्टी क्षणभर मधोमध दिसते, मेंदू ‘आत्ता!’ म्हणतो आणि बोट ट्रिगर खेचतं. ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा असतो, त्याला एकदम हिसका बसला की नळी वळते. प्रशिक्षक वर्षानुवर्षं एकच सांगत असतात: पिस्तूल फिरू दे, तू हळूहळू दाब वाढवत राहा, गोळी केव्हा सुटली ते तुलाही कळता कामा नये. हे कौशल्य स्नायूंच्या ताकदीवर चालत नाही. हजारो वेळा तीच हालचाल केल्यावर ती अंगवळणी पडते, आणि अंगवळणी पडलेली हालचाल वयाबरोबर फार सावकाश झिजते. स्कानोकेर यांचं अठ्ठावन्नावं वर्ष इथेच उलगडतं.

खरी गोची दमाची

‘उभं राहून तर गोळ्या मारायच्या, त्यात दम कसला?’ असं रेंजवर कधी न गेलेला माणूस हमखास म्हणतो. आकडे मांडून बघू. ६० गोळ्यांआधी सरावाच्या गोळ्या. शिवाय दर वेळी हात वर नेला म्हणजे गोळी सुटतेच असं नाही. जुळणी मनासारखी नसेल तर हात खाली घ्यायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा उचलायचा. सामना संपेपर्यंत उचलणं सहज शंभरच्या वर जातं. दर वेळी किलोभर वजन, सरळ हाताच्या टोकाला, सहा ते दहा सेकंद. तयारीची १५ मिनिटं धरली तर दीड तास जवळपास एकाच जागी उभं राहायचं.

स्नायूंत ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात: झटपट जोर लावणारे आणि सावकाश, पण बराच वेळ काम करणारे. वयानुसार आधी आणि जास्त बारीक होतात ते झटपटवाले. हात स्थिर धरून ठेवण्याचं काम मुख्यतः सावकाशवाल्यांचं. त्यामुळे आपापल्या ताकदीच्या प्रमाणात वजन दिलं, तर ते धरून ठेवण्यात ज्येष्ठ माणसं तरुणांच्या बरोबरीने टिकतात, काही वेळा जास्तही. धावण्यात असं होत नाही.

पण पिस्तूल कुणाच्या प्रमाणात वजन घटवत नाही. तिशीत खांद्याच्या एकूण ताकदीचा लहानसा भाग खर्चून जे वजन उचललं जायचं, त्यालाच पासष्टीत मोठा भाग लागतो. आणि स्नायू आपल्या कमाल ताकदीच्या जितका जवळ काम करतो तितका त्याचा जोर वर-खाली होतो, हात जास्त डुलतो. पहिल्या तीस गोळ्यांत हे कळतसुद्धा नाही. चाळीसच्या पुढे खांदा भरून येतो, मग नकळत कंबर मागे झुकते, पायावरचं वजन बदलतं, डोळ्यांत पाणी येतं. गुणपत्रिकेत दहा-दहा गोळ्यांच्या पहिल्या तीन मालिका ९३-९४च्या आणि शेवटच्या दोन ८८च्या दिसल्या, तर ‘मन एकाग्र झालं नाही’ म्हणून खांदे उडवू नका. आधी खांद्याकडे बघा.

इथे फायदा होतो तो कंटाळवाण्या कामाचा. रिकामं पिस्तूल किंवा तेवढ्याच वजनाची बाटली घेऊन दहा-दहा सेकंदांचे होल्ड, मध्ये तेवढीच विश्रांती. पाठ आणि पोटाचे व्यायाम, रोजचं चालणं. खांद्याच्या आतल्या लहान स्नायूंना रबरी पट्ट्यांचा हलका व्यायाम, कारण पन्नाशीनंतर दुखणं बहुधा तिथेच निघतं. आणि सामन्यात वेळेचा कंजूषपणा सोडायचा. ७५ मिनिटांत ६० म्हणजे गोळीमागे सव्वा मिनिट मिळतं. तरुण खेळाडू चाळीस मिनिटांत आटोपतो म्हणून आपणही आटोपावं असं नाही. दर दहा गोळ्यांनी पिस्तूल टेबलावर ठेवून बसायला कुणाची ना नसते.

मग पदकं तरुणांनाच का मिळतात?

आक्षेप रास्त आहे. पॅरिसमध्ये महिलांच्या १० मीटर एअर पिस्तूलच्या वैयक्तिक पदकविजेत्या १९, ३१ आणि २२ वर्षांच्या होत्या: ओ येजिन, किम येजी आणि मनू भाकर. सौरभ चौधरीने २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं तेव्हा तो १६ वर्षांचा होता. वर ज्यांची नावं घेतली ते ज्येष्ठ अपवादच आहेत, हे कबूल करायलाच हवं.

कारण वयापुरतं नाही. एक तर आज अव्वल पातळीवर गर्दी भयंकर आहे. पॅरिसमध्ये पुरुषांच्या वैयक्तिक प्रकारात सरबज्योत आणि आठव्या क्रमांकाचा खेळाडू, दोघांचेही गुण ५७७ होते; सरबज्योत अंतिम फेरीला मुकला तो दहाच्या आतल्या छोट्या वर्तुळातल्या एका छर्‍याने. एवढ्या चुरशीत दिवसाला काही तास सराव आणि वर्षभर शिबिरं लागतात. पोटापाण्याचं बघून ते किती पन्नाशीवाल्यांना परवडेल? दुसरं, नियम बदलले. पूर्वी पात्रता फेरीतले गुण अंतिम फेरीत मिळवले जात. २०१३पासून अंतिम फेरी शून्यापासून सुरू होते. साठ गोळ्या सातत्याने लावून आघाडी साठवणाऱ्या संथ, अनुभवी नेमबाजाची शिदोरी त्यामुळे दारातच काढून घेतली गेली. माझ्या मते ज्येष्ठांना वयापेक्षा या नियमाने जास्त मागे टाकलं. स्कानोकेर यांचा ५० मीटरचा निवांत प्रकारही रिओनंतर ऑलिंपिकमधून गेला.

वेगाच्या प्रकारांत तर वय उघडच नडतं. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत ज्यात सुवर्ण मिळवलं, त्या २५ मीटर पिस्तूलच्या दुसऱ्या टप्प्यात दर गोळीला तीन सेकंदच मिळतात. पुरुषांच्या रॅपिड फायरमध्ये पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या, आधी आठ सेकंदांत, मग सहा, मग चार. तरीही लातवियाचे आफानासिस कुझमिन्स रॅपिड फायरमध्येच ४१व्या वर्षी ऑलिंपिक सुवर्ण, ४५व्या वर्षी रौप्य जिंकले आणि २०१२मध्ये लंडनला पासष्टीत उभे राहिले. काही माणसं कुठल्याच नियमात बसत नाहीत.

‘बीपीच्या गोळीने हात स्थिर होतो म्हणे?’

हा प्रश्न कुजबुजत विचारला जातो, म्हणून उत्तर मोठ्याने दिलेलं बरं. रक्तदाब आणि हृदयाच्या काही औषधांना बीटा ब्लॉकर म्हणतात. मेटोप्रोलोल, अटेनोलोल, प्रोप्रानोलोल ही त्यातली नावं तुमच्या औषधांच्या डब्यातही सापडतील. ती ठोके मंद करतात आणि कंप कमी करतात. म्हणूनच नेमबाजीत ती प्रतिबंधित आहेत, आणि केवळ स्पर्धेच्या दिवशी नव्हे तर एरवीही. २००८मध्ये बीजिंगला उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूची दोन पदकं प्रोप्रानोलोल सापडल्यामुळे काढून घेतली गेली.

ज्येष्ठांची अडचण अशी, की त्यांना हे औषध गुणांसाठी नव्हे तर जगण्यासाठी दिलेलं असतं. काचबिंदूवरच्या टिमोलोल थेंबांतही बीटा ब्लॉकरच असतो, हे अनेकांना माहीत नसतं. लघवी वाढवून रक्तदाब उतरवणाऱ्या गोळ्याही वेगळ्या कारणाने प्रतिबंधित यादीत आहेत. नेमबाजी संघटनेच्या स्पर्धांत उतरायचं असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगून दुसरं औषध चालेल का ते विचारा. नसेल तर वैद्यकीय परवानगीसाठी रीतसर अर्ज असतो, पण नेमबाजीत बीटा ब्लॉकरसाठी ती परवानगी मिळणं कठीण. निव्वळ हौसेने क्लबात खेळणार असाल तर निर्धास्तपणे खेळा. गुणांसाठी गोळी चालू करणं जितकं वेडेपणाचं, तितकंच सामन्यासाठी ती आपल्या मनाने बंद करणं.

साठीत पहिल्यांदा पिस्तूल धरता येईल?

उत्तर प्रदेशातल्या बागपत जिल्ह्यातल्या जोहडी गावच्या चंद्रो तोमर यांनी नातीसोबत रेंजवर जाता जाता पासष्टीनंतर एअर पिस्तूल उचललं, आणि पाठोपाठ जाऊबाई प्रकाशी तोमर यांनीही. दोघींनी ज्येष्ठांच्या गटात पदकं मिळवली. त्यांच्याकडे शेतात आणि गोठ्यात राबलेले खांदे होते, हे विसरू नये. खुर्चीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला आधी सहा महिने खांद्यावरच घालवावे लागतील.

उशिरा सुरू करणाऱ्याला ऑलिंपिकचे गुण मिळणार नाहीत, पण मास्टर्स गटात स्वतःच्या वयाच्या लोकांशी सामना होतो आणि सुधारणा बराच काळ होत राहते. चांगला प्रशिक्षक सुरुवातीचे कित्येक दिवस छर्रा भरूच देत नाही. कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर रिकामं पिस्तूल धरून ट्रिगर दाबायचा आणि त्या क्षणी पट्टी खाचेत हलली का, एवढंच बघायचं. याला ड्राय फायर म्हणतात. ते घरी होतं, फुकट होतं, आणि मुरलेले नेमबाजही आयुष्यभर करतात.

चष्मा मात्र पहिल्याच आठवड्यात करून घ्या. डोळ्यांच्या डॉक्टरांना ‘नेमबाजीसाठी’ एवढं सांगून भागत नाही. ते दूरचा नंबर देऊन मोकळे होतात. रेंजवर उभं राहून डोळ्यापासून फ्रंट साइटपर्यंतचं अंतर कुणाकडून तरी टेपने मोजून घ्या आणि तो आकडा कागदावर लिहून न्या. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर नेमाचा डोळा कोणता ते आधीच सांगा, आणि त्या डोळ्यात एकाच अंतराचं साधं भिंग बसवावं की अनेक अंतरांचं, हे त्या कागदासह विचारा. अनेक अंतरांच्या भिंगात प्रकाश वाटला जातो, कडा तितक्या करकरीत राहत नाहीत. पेपर वाचायला ते सोयीचं, पट्टीसाठी नाही.